लोड आला की नेटवर्क कार्ड गप्प: इंटरप्टचा दोष नेमका कुठे शोधायचा

लक्षण बहुतेक वेळा सारखंच असतं. कार्ड सुरू होतं, पिंग नीट जातं, मोठ्या फाइली कॉपी होतात. मग कधी तासाभराने, कधी रात्रभराच्या चाचणीत पहाटे, ट्रॅफिक जोरात असताना सगळं अचानक थांबतं. लिंकचा दिवा चालूच असतो. काही सेकंदांनी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये 'नेटडेव्ह वॉचडॉग, ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' अशा अर्थाची ओळ येते, ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा कोड, कार्ड रीसेट करतो आणि नेटवर्क पुन्हा सुरू. इंटरफेस खाली घेऊन वर आणला तरी सुरू होतं. म्हणून कुणीतरी एक स्क्रिप्ट लिहितं, जी दर मिनिटाला पिंग करते आणि उत्तर नाही आलं तर इंटरफेस उठवून बसवते. पुढे महिनोन्‌महिने दोष तसाच राहतो.

मी लिनक्सच्या ड्रायव्हरांवर काम करतो आणि या तक्रारीच्या मागे बऱ्याच वेळा लागलो आहे. हार्डवेअर खरंच बिघडलेलं असल्याची उदाहरणं थोडी सापडली. बहुतेक ठिकाणी ड्रायव्हर आणि कार्ड यांच्यातला इंटरप्टचा (म्हणजे कार्डाने प्रोसेसरला मारलेल्या 'इकडे बघ' अशा हाकेचा) व्यवहार कुठेतरी चुकलेला होता, आणि चूक दोन-चार ओळींची होती. अवघड असतं ते त्या ओळींपर्यंत पोचणं, कारण दोष घडून गेल्यावर ड्रायव्हर रीसेट करतो आणि पुरावा पुसला जातो. तेव्हा पहिलं काम म्हणजे पुरावा जपणं.

आधी काउंटर बघा

कार्ड अडकलेलं असताना, काहीही रीसेट न करता, /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल सेकंदाच्या अंतराने दोन-तीनदा वाचा. तुमच्या कार्डासमोरचा आकडा वेगाने वाढतोय की जागेवर आहे, एवढंच बघायचं. पुढचा सगळा तपास या एका उत्तरावर दोन वाटांनी जातो, आणि या वाटा एकमेकींत मिसळल्या की दिवस वाया जातात. आकडा धावत असेल तर इंटरप्ट येत आहेत पण त्यांचा निकाल लागत नाही. आकडा थांबला असेल तर एक तर कार्ड इंटरप्ट पाठवत नाही, किंवा पाठवलेला कुणी ऐकत नाही.

वॉचडॉगबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. तो फक्त पाठवण्याच्या बाजूवर लक्ष ठेवतो. ड्रायव्हरने स्वतः वेळ ठरवून दिली नसेल तर रांग थांबल्यापासून पाच सेकंदांनी ओरडतो. फक्त घेण्याची बाजू मेली असेल तर लॉगमध्ये एकही ओळ येणार नाही. लॉग कोरा आहे म्हणून ड्रायव्हर निर्दोष, असं धरू नका.

काउंटर धावतोय

या वाटेवरचा ठरलेला संदेश 'आयआरक्यू अमुक, नोबडी केअर्ड' हा आहे, आणि त्याच्या मागोमाग ती लाइन (इंटरप्ट ज्या क्रमांकाच्या मार्गाने येतो तो, म्हणजेच आयआरक्यू) बंद केल्याची ओळ. कर्नल प्रत्येक लाइनचा हिशोब ठेवतो. दर १,००,००० इंटरप्टमागे ९९,९०० पेक्षा जास्त वेळा एकाही हँडलरने (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनने) 'हा माझा' म्हटलं नाही, तर ती लाइन अडकली आहे असं समजून कर्नल ती बंद करतो. बंद केल्यावर दर १०० मिलिसेकंदांनी त्या लाइनवरचे हँडलर स्वतःहून चालवून बघतो. म्हणून अशा अवस्थेत नेटवर्क पूर्ण मरत नाही, रांगतं. पिंगची वेळ एकदम शंभर मिलिसेकंदांच्या आसपास घुटमळायला लागली तर लॉगमध्ये हा संदेश शोधाच. आणि तो सापडला, तर काउंटर आता थांबलेला दिसला तरी रोग याच वाटेवरचा आहे.

लाइन बंद होईपर्यंत थांबायची गरज नाही. /प्रॉक/आयआरक्यू या फोल्डरमध्ये त्या क्रमांकाच्या आत 'स्प्युरियस' नावाची फाइल असते. तिच्यात चालू एक लाखाच्या हिशोबात किती आले आणि त्यातले किती कुणीच स्वीकारले नाहीत, हे दोन आकडे मिळतात. दुसरा आकडा सतत शून्याच्या वर राहत असेल तर रोग सुरू झालेला आहे, फक्त अजून टोकाला गेलेला नाही.

अशा वेळी कर्नल स्वतःच 'आयआरक्यूपोल' हा पर्याय लावून बूट करायला सुचवतो. तो लावला की बऱ्याचदा तक्रार थांबते. पण त्याने हरवलेला हँडलर शोधण्यासाठी सगळे हँडलर चाळायला लागतात, आणि चूक होती तिथेच राहते. निदानासाठी वापरा, उपाय म्हणून मशीनवर ठेवून देऊ नका.

आता कारणं. जुन्या पद्धतीची आयएनटीएक्स लाइन ही पातळीवर चालणारी असते: कार्डाने लाइन ओढून धरली की ते सोडेपर्यंत इंटरप्ट चालूच. ती दुसऱ्या उपकरणांबरोबर वाटलेलीही असते. त्यामुळे 'माझा आहे का' या प्रश्नाचं खरं उत्तर देणं ही हँडलरची पहिली जबाबदारी. कार्डाचं स्टेटस रजिस्टर (काय घडलं ते एकेका बिटाने सांगणारी नोंद) वाचा, त्यात आपला एकही बिट नसेल तर आयआरक्यू_नन परत करा. भीतीपोटी सरसकट आयआरक्यू_हँडल्ड परत करणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. त्याने संदेश जातो, पण शेजारच्या उपकरणाची खरी चूकही झाकली जाते आणि प्रोसेसर एका निरर्थक फेऱ्यात अडकून राहतो.

इथे एक फसवी अवस्था आहे. कार्ड झोपलेलं असेल किंवा बसवरून निघालं असेल तर रजिस्टर वाचल्यावर सगळे बिट १ मिळतात. निष्काळजी हँडलरला वाटतं की एकदम सगळ्या घटना घडल्या, आणि तो कामाला लागतो. सगळे बिट १ आले तर तो इंटरप्ट आपला नाही, हे हँडलरच्या पहिल्या दोन ओळींतच लिहिलेलं हवं. सस्पेंड करताना किंवा उठताना येणारा गोंधळ बऱ्याचदा याच एका तपासणीने मिटतो.

दुसरं कारण पोस्टेड राइट. तुम्ही मास्क रजिस्टरवर (कार्डाचे कुठले इंटरप्ट उघडे आणि कुठले बंद ते ठरवणारं) लिहिलं म्हणजे ते कार्डापर्यंत पोचलं असं नाही. लिहिलेलं मधल्या ब्रिजमध्ये रेंगाळू शकतं. हँडलर संपला, कर्नलने लाइन पुन्हा उघडली, कार्डाने मात्र अजून लाइन सोडलेलीच नाही, मग तोच इंटरप्ट पुन्हा. या वेळी स्टेटसमध्ये काही सापडत नाही, कारण एव्हाना लिहिलेलं पोचलेलं असतं. असा एक-एक फुकटचा इंटरप्ट जमत जातो. लिहिल्यावर त्याच कार्डाचं एखादं निरुपद्रवी रजिस्टर वाचलं की आधीचं लिखाण पोचल्याशिवाय वाचन परत येत नाही. प्रत्येक लिखाणानंतर असं वाचन टाकू नका, ते महाग आहे. हँडलरमधून बाहेर पडण्याआधी, तेही आयएनटीएक्स वापरत असाल तेव्हा, एक पुरतं.

तिसरं म्हणजे दोषी दुसराच. लाइन वाटलेली असेल तर कर्नलच्या संदेशाखाली त्या लाइनवरच्या सगळ्या हँडलरांची यादी छापलेली असते. ती वाचा. मग 'एलएसपीसीआय -व्हीव्ही' चालवून प्रत्येक उपकरणाच्या स्टेटस ओळीत 'आयएनटीएक्स' पुढे अधिकचं चिन्ह कुणाच्या नावावर आहे ते पाहा. पीसीआय (कार्ड मशीनला जोडणारी बस) २.३ पासून प्रत्येक उपकरण लाइन आपण ओढली आहे का हे पीसीआयच्या वेगळ्या स्टेटस रजिस्टरच्या बिट क्रमांक ३ मध्ये सांगतं, आणि हा आदेश तेच दाखवतो. नेटवर्क कार्डाचा बिट स्वच्छ असेल तर नेटवर्कचा ड्रायव्हर उसवत बसू नका.

काउंटर थांबलाय

हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे लॉग मदत करत नाही आणि अंदाजांना ऊत येतो. ट्रान्समिट टाइमआउटच्या फंक्शनमध्ये, रीसेट करायच्या आधी, एक छायाचित्र घ्या. म्हणजे पाच गोष्टी छापा: स्टेटस रजिस्टर, मास्क रजिस्टर, दोन्ही रिंगांची (पॅकेटं घेण्याच्या आणि पाठवण्याच्या, मेमरीतल्या गोल रांगांची) हार्डवेअरची आणि ड्रायव्हरची टोकं, पुढच्या डिस्क्रिप्टरचा (रिंगमधल्या एका नोंदीचा) 'पूर्ण' बिट, आणि नॅपीची (इंटरप्टने सुरुवात करून पुढची पॅकेटं 'पोल' फंक्शनने काढण्याच्या कर्नलच्या पद्धतीची) 'शेड्यूल्ड' खूण लागलेली आहे की नाही. एक सावधगिरी. काही कार्डांत, उदाहरणार्थ इंटेलच्या ई-१००० घराण्यात, स्टेटस रजिस्टर वाचलं की ते क्लिअर होतं. अशा कार्डांवर ते सगळ्यात शेवटी वाचा. रियलटेकच्या ८१३९ सारख्या कार्डांत ज्या बिटावर १ लिहाल तोच क्लिअर होतो, तिथे नुसतं वाचणं सुरक्षित.

या पाच आकड्यांतून चार चित्रं निघतात, आणि प्रत्येक चित्र वेगळ्या चुकीकडे बोट दाखवतं.

पहिलं: स्टेटसमध्ये बिट सेट, मास्क उघडा, नॅपी मोकळी, तरी इंटरप्ट नाही. कार्डाच्या मते त्याने सांगून झालं आहे. एमएसआय (लाइनऐवजी संदेशाने इंटरप्ट देण्याची पद्धत) वापरत असाल तर इथे कडा, म्हणजे सिग्नल ० वरून १ होण्याचा क्षण, हरवली आहे.

दुसरं: स्टेटसमध्ये बिट सेट, मास्क बंद, नॅपी मोकळी. मास्क बंद करणारा कुणीतरी होता, उघडणारा आलाच नाही. पोलमधून बाहेर पडायच्या सगळ्या वाटा तपासा. बहुतेक वेळा चुकीच्या पॅकेटसाठी किंवा मेमरी न मिळाल्यावर लवकर परत जाणारी एखादी वाट मास्क न उघडता निघून गेलेली असते.

तिसरं: मास्क बंद, नॅपीवर 'शेड्यूल्ड' खूण. पोल चालायला हवं पण चालत नाही, किंवा चालतंय पण संपल्याचं सांगत नाही. त्या कोअरवरचा केसॉफ्टआयआरक्यूडी (पोलचं उरलेलं काम करणारा कर्नलचा) थ्रेड शंभर टक्क्यांवर आहे का ते बघा. तो शांत असेल तर नॅपी_डिसेबल नंतर नॅपी_इनेबल राहून गेलं आहे का ते शोधा. रीसेटच्या वाटेवर ही चूक फार होते.

चौथं: स्टेटस स्वच्छ, मास्क उघडा, नॅपी मोकळी, पण रिंगमध्ये 'पूर्ण' झालेले डिस्क्रिप्टर पडून आहेत. घटना घडली, कार्डाने सांगितली, आणि ड्रायव्हरने न बघताच ती क्लिअर केली.

पहिलं आणि चौथं ही चित्रं सगळ्यात जास्त दिवस खातात, म्हणून त्यांच्याजवळ थोडं थांबतो.

हरवलेली कडा

एमएसआय ही पीसीआय २.२ मध्ये आलेली पद्धत. कार्ड वेगळी लाइन ओढत नाही, एका ठरावीक पत्त्यावर मेमरीत लिहितं आणि प्रोसेसरला तोच इंटरप्ट होतो. एमएसआय-एक्स पीसीआय ३.० मध्ये आली आणि तिच्यात एका कार्डाला २,०४८ पर्यंत व्हेक्टर मिळू शकतात, साध्या एमएसआयमध्ये ३२. फायदे खरे आहेत: लाइन वाटावी लागत नाही, आणि कार्डाने डीएमएने (प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीत) टाकलेला डेटा त्या संदेशाच्या आधी मेमरीत पोचलेला असतो.

पण स्वभाव बदलतो. आयएनटीएक्समध्ये कार्ड हाक मारतच राहायचं. एमएसआयमध्ये ते एकदा हाक मारून गप्प बसतं. बऱ्याच कार्डांच्या आत सगळे उघडे स्टेटस बिट एकत्र करून एक सिग्नल तयार होतो, आणि तो ० वरून १ झाला तरच संदेश जातो. आता हे बघा:

हँडलरने स्टेटस वाचलं. 'पॅकेट आलं' हा बिट सेट होता. हँडलर तो क्लिअर करणार इतक्यात 'पाठवून झालं' हा दुसरा बिट सेट झाला. हँडलरने वाचलेला बिट क्लिअर केला. दुसरा तसाच राहिला. सिग्नल एका क्षणासाठीही ० झाला नाही. त्यामुळे नवा संदेश जाणार नाही, आज नाही, उद्या नाही, कुणी तो बिट क्लिअर करेपर्यंत नाही.

आयएनटीएक्सवर हाच कोड वर्षानुवर्षं चालतो, कारण लाइन ओढलेली राहते आणि हँडलर पुन्हा बोलावला जातो. म्हणून एमएसआय चालू केल्यावर 'आधी चालत होतं' अशी तक्रार येते. लिनक्सच्या आर-८१६९ ड्रायव्हरमध्ये एमएसआय इंटरप्ट हरवण्याचा नेमका असा दोष होता आणि २००९ साली दुरुस्त झाला. उपाय दोन. एक, स्टेटस शून्य येईपर्यंत वाचा-क्लिअर करा हा फेरा चालवा. दोन, हँडलरमध्ये कार्डाचा पूर्ण मास्क बंद करा आणि काम संपल्यावर उघडा, म्हणजे सिग्नल मास्कमुळे ० होतो आणि उघडताना उरलेला बिट असेल तर तो १ होऊन कडा तयार होते. दुसरा उपाय मला आवडतो, पण तो कार्डाच्या आतल्या रचनेवर अवलंबून आहे. मास्क उघडताना आधीच सेट असलेल्या बिटासाठी संदेश पाठवतं की नाही, हे तुमच्या चिपच्या डेटाशीटमध्ये शोधा. तिथे स्पष्ट नसेल तर प्रयोग करून बघा: मास्क बंद ठेवून एक पॅकेट येऊ द्या, मग उघडा, काउंटर एकने वाढला का ते पाहा. दहा मिनिटांचा प्रयोग आहे.

रोग हाच आहे का, याची एक झटपट परीक्षा म्हणजे कर्नलला 'पीसीआय=नोएमएसआय' देऊन बूट करणं. दोष पूर्ण गायब झाला तर संशय पक्का करायला हरकत नाही. पण तसंच ठेवून काम मिटवू नका, कारण आता लाइन वाटली जाईल आणि वरच्या वाटेवरचे प्रश्न समोर येतील.

पोलचा शेवटचा क्षण

चौथ्या चित्राचं मूळ इथे आहे. नॅपीची पद्धत अशी: पहिल्या इंटरप्टला हँडलर मास्क बंद करतो, नॅपी शेड्यूल करतो आणि निघून जातो. मग पोल फंक्शन सॉफ्टआयआरक्यूमध्ये, म्हणजे हँडलर संपल्यावर कर्नल चालवतो त्या टप्प्यात, पॅकेटं काढतं, एका फेरीत बजेटएवढीच, सहसा ६४. बजेटपेक्षा कमी काम झालं तर नॅपी पूर्ण झाल्याचं सांगून मास्क उघडायचा. सगळा धोका 'रिंग रिकामी आहे' हे बघणं आणि 'मास्क उघडला' यांच्या मधल्या फटीत आहे.

चुकीचा क्रम असा दिसतो:

१. रिंग तपासली, रिकामी आहे
२. स्टेटस वाचून क्लिअर केलं
३. नॅपी पूर्ण
४. मास्क उघडला

पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये पॅकेट आलं तर त्याचा बिट दुसऱ्या पायरीत क्लिअर होतो, आणि त्या पॅकेटकडे बघणारं कुणी उरत नाही. पुढचं पॅकेट आलं की दोन्ही एकदम निघतात, म्हणून हलक्या ट्रॅफिकमध्ये हा दोष 'कधीकधी पिंगला उशीर' एवढाच दिसतो. पण समोरचा तुमच्या उत्तराची वाट बघत थांबला असेल, तर पुढचं पॅकेट येतच नाही. पाठवण्याच्या बाजूला हेच झालं तर रांग थांबते आणि वॉचडॉग जागा होतो.

बरोबर क्रम:

१. आधी स्टेटस वाचा, जे वाचलं तेवढंच क्लिअर करा
२. मग रिंग तपासून काम करा
३. बजेट उरलं असेल तर नॅपी_कंप्लीट_डन
४. मास्क उघडा
५. पुन्हा एकदा रिंग किंवा स्टेटस बघा, काही सापडलं तर मास्क बंद करून नॅपी पुन्हा शेड्यूल करा

आधी क्लिअर, मग बघणं. हा क्रम ठेवला की मधे आलेल्या घटनेचा बिट सेट राहतो आणि ती सापडते. 'जे वाचलं तेवढंच' हेही शब्दशः घ्या. सगळे बिट एकदम क्लिअर करण्यासाठी रजिस्टरवर सरसकट १ लिहिणारे ड्रायव्हर अजून दिसतात. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधे सेट झालेला बिट त्यात न वाचताच जातो.

पाचवी पायरी लागते ती अशा कार्डांवर, जी मास्क उघडताना जुन्या बिटासाठी पुन्हा हाक मारत नाहीत. तुमचं कार्ड मारत असेल तर ती गाळता येते. मी गाळत नाही. एक वाचन वाचवायला एवढा धोका घ्यावा असं मला वाटत नाही.

तिसरी आणि चौथी पायरी उलटी झाली तर वेगळाच अपघात होतो. मास्क आधी उघडला, दुसऱ्या कोअरवर इंटरप्ट आला, हँडलरने मास्क बंद केला आणि नॅपी शेड्यूल करायला गेला, पण ती अजून 'शेड्यूल्ड' आहे म्हणून नकार मिळाला. मग पहिल्या कोअरने नॅपी पूर्ण केली. आता मास्क बंद आणि नॅपी मोकळी, म्हणजे वरचं दुसरं चित्र. २०१७ पासून कर्नलमध्ये 'मिस्ड' नावाची खूण आहे, जी असा हुकलेला निरोप लक्षात ठेवून पोल पुन्हा चालवते. ती फार मोलाची आहे, पण ती आहे म्हणून क्रम चुकीचा ठेवू नका. जुन्या कर्नलवर तुमचा ड्रायव्हर कुणीतरी नेईलच.

नॅपी_कंप्लीट_डन खरं-खोटं परत करतं. खोटं आलं तर मास्क उघडायचा नाही, पोल पुन्हा बोलावलं जाणार आहे. आणि पूर्ण बजेट संपलं असेल तर हे फंक्शन बोलवायचंच नाही. पाठवून झालेले बफर मोकळे करण्याचं काम या बजेटमध्ये मोजायचं नसतं. बजेट शून्य आलं तर फक्त तेवढंच काम करायचं, पॅकेटं घ्यायची नाहीत.

दिसायला तसंच, कारण वेगळं

काउंटर थांबलाय म्हणजे इंटरप्टचाच दोष, असंही नाही. घेण्याच्या रिंगमध्ये कार्डाला द्यायला बफर उरले नाहीत तर कार्ड पॅकेटं टाकून देतं आणि 'पॅकेट आलं' असं सांगायचं काही कारणच राहत नाही. मेमरीच्या टंचाईत नवीन बफर मिळाला नाही, ड्रायव्हरने 'पुढच्या इंटरप्टला भरू' म्हणून सोडून दिलं, आणि पुढचा इंटरप्ट येणारच नाही. छायाचित्रात दोन्ही टोकं एकमेकांना भिडलेली दिसतात. बफर भरता आले नाहीत तर पूर्ण बजेट परत करून नॅपी चालू ठेवा किंवा टायमर लावा.

पाठवण्याच्या बाजूलाही एक फट आहे. जागा संपली म्हणून ड्रायव्हर रांग थांबवायला निघतो, नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या कोअरवर पोल सगळे बफर मोकळे करून जातं. त्याला रांग अजून चालूच दिसते, म्हणून तो उठवत नाही. मग इकडे रांग थांबते, आणि उठवणारा निघून गेलेला असतो. थांबवल्यावर मेमरी बॅरिअर (मेमरीतल्या वाचन-लिखाणाचा क्रम बदलू न देणारी सूचना), आणि मग पुन्हा जागा तपासणं, या दोन ओळी इथे अनिवार्य आहेत.

बॅरिअरवरून आठवलं: डिस्क्रिप्टरचा 'पूर्ण' बिट वाचल्यावर लगेच लांबी वाचत असाल तर मधे डीएमए_आरएमबी हा वाचनाचा बॅरिअर हवा. नाहीतर काही प्रोसेसर लांबी आधी वाचून ठेवतात, आणि तुम्हाला मागच्या पॅकेटची लांबी मिळते.

इंटरप्ट खरेच आहेत, पण झेपत नाहीत

कधी सगळं बरोबर असतं, फक्त संख्या जास्त असते. एक गिगाबिटच्या लिंकवर सगळ्यात छोट्या, ६४ बाइटच्या फ्रेम आल्या तर सेकंदाला १४,८८,०९५ पॅकेटं होतात, म्हणजे दर ६७२ नॅनोसेकंदांना एक. १० गिगाबिटवर हाच वेळ ६७.२ नॅनोसेकंद. प्रत्येकाला एक इंटरप्ट दिला तर प्रोसेसर फक्त हँडलरमध्येच राहतो, पॅकेटं रांगेत पडून शेवटी टाकली जातात, आणि उपयोगी काम शून्यावर येतं. याला रिसीव्ह लाइव्हलॉक म्हणतात. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली त्यावर मूलभूत काम मांडलं. इंटरप्टने सुरुवात करायची आणि लोड असेपर्यंत पोल करायचं, हा नॅपीचा मार्ग त्याच विचारातला.

तपासायला /प्रॉक/नेट/सॉफ्टनेट_स्टॅट वाचा. प्रत्येक ओळ एका कोअरची, आकडे हेक्समध्ये. दुसरा स्तंभ टाकून दिलेली पॅकेटं. तिसरा, बजेट किंवा वेळ संपल्यामुळे काम अर्धवट सोडावं लागलं असं किती वेळा झालं. तिसरा एकाच ओळीत वाढत असेल तर सगळे इंटरप्ट एकाच कोअरवर पडत आहेत, ते वाटून द्या. 'ईथटूल -सी' ने कोअलेसिंगची किंमत बघता येते, म्हणजे एका इंटरप्टसाठी कार्ड किती मायक्रोसेकंद थांबतं ती. वाढवली की इंटरप्ट कमी होतात आणि प्रत्येक पॅकेटला उशीर वाढतो. मात्र ही किंमत वाढवल्यावर वरचा एखादा हरवण्याचा दोष दिसेनासा झाला, तर तो गेला असं समजू नका. फट तेवढीच आहे, तिच्यात पाय अडकायचे प्रसंग कमी झाले.

सुरू आणि बंद करतानाचा क्रम

हे थोडक्यात. रिक्वेस्ट_आयआरक्यू परत येण्याआधीच हँडलर चालू शकतो, म्हणून त्याला लागणारं सगळं आधी तयार हवं आणि कार्ड शांत केलेलं हवं. केएक्झेकने नवा कर्नल चढवला तर जुन्याने चालू ठेवलेलं कार्ड तसंच बोलत असतं. आधी रीसेट केलं नाही तर पहिल्याच सेकंदात लाइन बंद पडते. बंद करताना कार्डाचा मास्क, मग सिंक्रोनाइझ_आयआरक्यू, मग नॅपी_डिसेबल, मग फ्री_आयआरक्यू, आणि सगळ्यात शेवटी रिंगांची मेमरी. चाचणीच्या कर्नलमध्ये 'डीबग_एसएचआयआरक्यू' हा पर्याय चालू ठेवा. वाटलेल्या लाइनवरची नोंदणी सोडताना तो हँडलरला मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देतो, आणि चुकीच्या क्रमाने आवरणारा ड्रायव्हर तिथेच पडतो. हँडलरमध्ये घेतलेलं स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) बाहेर साध्या पद्धतीने, म्हणजे इंटरप्ट बंद न करता, घेतलं असेल तर लॉकडेप हा कर्नलचा कुलपं तपासणारा पर्याय सांगेल. तोही चालू ठेवा.

दोष पकडायचा कसा

रात्रभर वाट बघण्यापेक्षा फट रुंद करा. पोलमध्ये रिंग तपासणं आणि मास्क उघडणं यांच्या मधे मुद्दाम ५० मायक्रोसेकंदांचा उशीर टाका. चूक त्याच फटीत असेल तर नऊ तासांनी येणारा दोष काही मिनिटांत येतो. येत नसेल तर उशीर दुसऱ्या जोडीत हलवा: स्टेटस वाचणं आणि क्लिअर करणं, मास्क उघडणं आणि नॅपी पूर्ण होणं, रांग थांबवणं आणि जागा तपासणं. ज्या जागी उशीर टाकल्यावर दोष धावत येतो, ती जागा तुमची. ट्रॅफिकही तसाच निवडा. सलग मारा करू नका, कारण पुढचं पॅकेट मागच्याला वाचवतं. एक विनंती, एक उत्तर, मग पुढची विनंती, असे शेकडो प्रवाह एकदम चालवा.

सोबत ट्रेसिंग चालू ठेवा. आयआरक्यू_हँडलर_एंट्री, आयआरक्यू_हँडलर_एक्झिट आणि नॅपी_पोल हे तीन इव्हेंट पुरतात. एक्झिटमध्ये हँडलरने स्वीकारलं की नाही ते कळतं, पोलमध्ये किती काम झालं आणि बजेट किती होतं ते. ट्रेसचा बफर फिरत राहतो, म्हणून टाइमआउटच्या फंक्शनमध्ये सगळ्यात पहिली ओळ ट्रेसिंग_ऑफ ही टाका. मग शेवटचे काही मिलिसेकंद गोठलेले सापडतात, आणि शेवटचं पोल कुठल्या कोअरवर, किती काम करून संपलं, त्याच्या अलीकडे-पलीकडे इंटरप्ट आला होता का, हे सरळ वाचता येतं.

दुरुस्ती झाल्यावर ते उशीर लगेच काढू नका. उशीर तसाच ठेवून, दुरुस्त केलेल्या कोडवर तोच ट्रॅफिक रात्रभर चालवा. वॉचडॉगची एकही ओळ नाही, 'स्प्युरियस' फाइलमधला दुसरा आकडा शून्य, आणि पाचव्या पायरीत किती वेळा काही सापडलं ते मोजणारा एक काउंटर, जो 'ईथटूल -एस' मध्ये दिसेल. हा शेवटचा आकडा शून्याहून मोठा आला पाहिजे. तो शून्यच राहिला तर फटीतून काही गेलंच नाही, आणि ट्रॅफिक बदलून चाचणी पुन्हा चालवायची आहे.